चेतकच्या बुशची बोली लावण्याआधी कागद मोजा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) असलेला कारखाना. हवाई दलाच्या एका डेपोची निविदा दिसली आहे, चेतक हेलिकॉप्टरसाठी स्टीलचे बुश (भोकात घट्ट बसवायच्या छोट्या नळ्या) ४० नग आणि रबरी सील १२० नग. बुश चार-पाचशे रुपयांत सहज होईल, सील बाजारातून आणता येतील, तर बोली लावावी का?

बुशची लावा, पण चारशेच्या हिशोबाने नको. सीलची शक्यतो सोडा. का ते सविस्तर सांगतो.

चारशे रुपयांत बसतात ती मशीनची मिनिटं, थोडं स्टील आणि नफा. डेपो मात्र तुमच्याकडून बुशसोबत त्याचा पूर्वेतिहास विकत घेतो. स्टील कोणत्या हीटचं, म्हणजे कोणत्या वितळणीच्या लॉटचं, उष्णोपचार कुठे आणि किती तापमानाला झाला, प्लेटिंग कोणत्या बॅचमध्ये, मोजमाप कोणत्या गेजने आणि त्या गेजचं कॅलिब्रेशन कधीचं, हे सगळं नगावर किंवा त्याच्या पिशवीवर लिहिलेल्या बॅच क्रमांकावरून उलट शोधता आलं पाहिजे. ही साखळी एका ठिकाणी जरी तुटली तरी मापात अचूक असलेला माल परत येतो. या धंद्यात बहुतेक नव्या पुरवठादारांचं नुकसान लेथवर होत नाही, इथे होतं.

ही काटेकोरी कशासाठी, हे ज्यांना जाचक वाटतं त्यांनी ध्रुव हेलिकॉप्टरचं उदाहरण आठवावं. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला. तपासाचा रोख स्वॉशप्लेटकडे, म्हणजे पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या भागाकडे गेला आणि तिन्ही सेनादलांसह तटरक्षक दलाची ध्रुव हेलिकॉप्टरं काही महिने जमिनीवर राहिली. अशा वेळी पहिला प्रश्न असतो की हा भाग कोणत्या बॅचचा आणि त्याच बॅचचे बाकीचे भाग आज कोणत्या हेलिकॉप्टरवर आहेत. त्याचं उत्तर कागदातूनच मिळतं.

आता निविदा हातात घ्या. किंमतीचा रकाना शेवटी भरायचा. आधी भागाची ओळख नीट वाचा: मूळ उत्पादकाचा पार्ट नंबर, भागाचं नाव आणि असल्यास १३ अंकी साठा क्रमांक. त्या क्रमांकाचे पहिले चार अंक वर्ग सांगतात. ५३६५ म्हणजे बुश, रिंग, शिम, स्पेसर. ५३३१ म्हणजे ओ-रिंग. ५३३० म्हणजे इतर पॅकिंग आणि गास्केट. ३१२० म्हणजे साधे बेअरिंग. १६१५ म्हणजे रोटर आणि त्याची चालनयंत्रणा. १६१५ दिसला की लहान कारखान्याने जपून राहावं. पुढचे दोन अंक देशाचे, भारताचे ७२. चेतक म्हणजे मुळात फ्रान्सचं अलुएट-३, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बनवलेलं, त्यामुळे पार्ट नंबर आणि धातूची नावं बऱ्याचदा फ्रेंच पद्धतीची असतात. नंबराच्या शेवटचं एखादं अक्षर किंवा डॅशनंतरचा आकडा बदलला की भाग बदलतो. कधी तो फक्त मोठ्या मापाचा दुरुस्ती-बुश असतो, कधी धातूच वेगळा असतो.

मग एकक बघा. 'नग' आणि 'सेट' यांतला गोंधळ दरवर्षी कुणाला तरी बुडवतो. १२० सील लिहिलेत, पण एकक 'सेट' असेल आणि एका सेटमध्ये सात सील असतील, तर तुम्ही ८४० सीलची बोली लावताय.

त्यानंतर मूल्यमापनाचा भाग. संरक्षण खरेदीच्या निविदेचे साधारण पाच भाग असतात: सर्वसाधारण माहिती, मालाचा तपशील, प्रमाणित अटी, विशेष अटी आणि शेवटी मूल्यमापन व किंमत. शेवटच्या भागात एल-१, म्हणजे सर्वांत कमी दराचा बोलीदार, प्रत्येक वस्तूनिहाय ठरणार की पूर्ण पॅकेजवर, हे शोधा. वस्तूनिहाय असेल तर फक्त बुशची बोली लावता येते. पॅकेजवर असेल तर सीलचाही बोजा तुमच्यावर येतो, आणि मग माझं उत्तर बदलतं.

पुरवठा मूळ उत्पादकापुरताच मर्यादित आहे का, म्हणजे प्रोप्रायटरी प्रमाणपत्रावर खरेदी आहे का, हेही तिथेच कळतं. तसं असेल तर 'आम्ही तंतोतंत तसाच बनवू' या वाक्याला काही किंमत नाही. तांत्रिक समिती तुमचा लिफाफा बाजूला ठेवेल आणि ते नियमाला धरूनच असेल.

तपासणी कोण करणार, ही ओळ सर्वांत महत्त्वाची. लष्करी विमानांच्या भागांची गुणवत्ता-तपासणी डीजीएक्यूए हे संरक्षण खात्याचं महासंचालनालय करतं आणि नव्या किंवा स्वदेशी पर्यायी भागाला उड्डाणयोग्यतेची मंजुरी सेमिलॅक ही संस्था तिच्या प्रादेशिक केंद्रांमार्फत देतं. त्यासाठीचा सध्याचा नियमग्रंथ आयएमटीएआर-२१. निविदेत 'डीजीएक्यूएची तपासणी' असं असेल तर त्यांचा माणूस तुमच्याकडे येऊन कच्च्या मालापासून टप्प्याटप्प्याने पाहील, हे धरून वेळापत्रक आखा. डीजीएक्यूएची कारखान्याला मिळणारी एएफक्यूएमएस मान्यता किंवा एएस ९१०० (विमान उद्योगाचं गुणवत्ता-मानक) मागितलेलं असेल आणि तुमच्याकडे फक्त आयएसओ ९००१ असेल, तर बोली लावून बघू असा विचार करू नका. सेमिलॅकच्या मंजुरीशिवाय न चालणारा भाग सहा महिन्यांच्या पुरवठा-मुदतीत देतो असं लिहून देणं म्हणजे विलंब दंड आधीच कबूल करणं. अनेक स्थानिक निविदांत मात्र तपासणी डेपोचाच अधिकारी करतो आणि भाग उड्डाण-सुरक्षेच्या दृष्टीने कमी जोखमीचा असतो. तुमच्यासाठी सुरुवात तिथून.

शंका असतील त्या लेखी विचारा. सामान्य नमुन्यानुसार बोली उघडण्याच्या १४ दिवस आधीपर्यंत स्पष्टीकरण मागता येतं. फोनवर मिळालेल्या उत्तराला नंतर कोणी वाली नसतो. बुशसाठी विचारायचे प्रश्न हे: ड्रॉइंग मिळणार का, की फक्त नमुना? दिलेली मापं प्लेटिंगआधीची की नंतरची? आतलं भोक अंतिम मापाचं हवं की बसवल्यावर रीम करून (बारीक कापून) मापात आणणार? मूळ धातूऐवजी समकक्ष चालेल का, आणि त्याला मान्यता कोण देणार?

यातला प्लेटिंगचा प्रश्न किती पैशांचा आहे ते आकड्यांत पाहू. समजा बुशचं भोक १६ एच७ (मापातली सूट सांगणारा संकेत) आहे. म्हणजे १६.००० ते १६.०१८ मिलिमीटर, एकूण सूट १८ मायक्रॉन. गंज रोखणाऱ्या कॅडमियम प्लेटिंगचा थर ८ मायक्रॉन असेल तर तो भोकाच्या दोन्ही बाजूंना बसतो आणि व्यास १६ मायक्रॉनने घटतो. लेथवर अगदी मधोमध, १६.००९ ला केलेला बुश प्लेटिंगनंतर १५.९९३ होतो, आणि चाळीसच्या चाळीस नग नापास. तेव्हा एकतर भोक मास्क करून घ्या किंवा प्लेटिंगची वाढ धरून आधी मोठं ठेवा, आणि ड्रॉइंगवर काय लिहिलंय ते आधी पक्कं करा. बाहेरच्या व्यासाचंही तेच. २२ पी६ म्हणजे २२.०२२ ते २२.०३५, फक्त १३ मायक्रॉनची जागा. जोराने बसणाऱ्या या पृष्ठभागावर प्लेटिंग आहे की नाही, हे अंदाजाने ठरवायची गोष्ट नव्हे.

ड्रॉइंगऐवजी नमुना मिळाला तर आणखी सावध व्हा. डेपोतला नमुना बहुधा हेलिकॉप्टरवरून काढलेला असतो. जोराने बसवलेला बुश ओढून काढताना बाहेरून खरवडला जातो आणि आतून तो झिजलेला असतोच. त्याची मापं घेऊन नवा केला तर बाहेरून सैल आणि आतून ढिला बुश तयार होतो, तोही अगदी अचूक. न वापरलेला नमुना मागा. नसेल तर किमान तीन जुने मागा आणि ज्या घरात तो बसतो त्या घराचं माप लेखी घ्या. धातू ओळखायला हातात धरायच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) बंदुकीवर विसंबू नका. तिला कार्बन दिसत नाही, आणि स्टीलची जात ठरते ती मोठ्या प्रमाणात कार्बनवर. स्पार्क स्पेक्ट्रो (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारी चाचणी) करा, सोबत काठिन्य आणि कापलेल्या तुकड्याची सूक्ष्मरचना पाहा.

आता धातू. समजा ड्रॉइंगवर ३५एनसीडी१६ आहे. हे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं फ्रेंच स्टील भोसरीच्या किंवा सातपूरच्या व्यापाऱ्याकडे सहसा शेल्फवर नसतं. अशा भागांचा खरा खर्च इथून सुरू होतो. २५ मिलिमीटरच्या बारमधून ३० लांबीचा बुश, कापणी आणि फेसिंगसह ३४ धरा. चाळीस नग द्यायचे, दोन पहिल्या नगाच्या पूर्ण तपासणीला, दोन कापून बघायला, चार बादसाठी, म्हणजे ४८ नग आणि सुमारे १.६३ मीटर. ताण-चाचणीचे दोन तुकडे १२० मिलिमीटरचे, चकमध्ये राहणारी टोकं, असं करत दोन मीटर, म्हणजे पावणेआठ किलो. पुरवठादार तेवढं कापून देत नाही, तो पूर्ण बार किंवा ठरावीक किमान वजन सांगतो. उरलेलं स्टील तुमच्या गोदामात पडून राहतं आणि त्याची किंमत याच चाळीस नगांवर चढते.

शिवाय ऑप्शन क्लॉज वाचा. बऱ्याच करारांत मूळ संख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत जादा माल त्याच दराने मागायचा हक्क खरेदीदाराकडे असतो. आणखी २० बुश वर्षभरात मागितले तर त्याच हीटचं स्टील शिल्लक असणं फायद्याचं, नाहीतर सगळ्या चाचण्या पुन्हा. म्हणून मी ६० नगांपुरतं स्टील एकदम घ्यायला सांगेन. पैसे अडकतात, पण दुसऱ्या हीटच्या चाचण्यांपेक्षा कमी अडकतात.

मिल टेस्ट सर्टिफिकेट ३.१ प्रकारचं, मूळ गिरणीचं हवं. व्यापाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर पुन्हा टाइप केलेलं चालत नाही. बार आल्या दिवशी दोन्ही टोकांवर हीट नंबर पंच करा आणि कापताना तो प्रत्येक तुकड्यावर उतरवा. साधी गोष्ट आहे, पण बार कापल्यावर नंबर असलेलं टोक भंगारात गेलं की उरलेला बार कागदोपत्री निनावी होतो. तपासणीसाने तो हातात घेऊन 'हा कुठला?' विचारलं तर उत्तर नसतं.

उष्णोपचारानंतर चुंबकीय कण-तपासणी, ती प्लेटिंगच्या आधी. कॅडमियम प्लेटिंगमध्ये कडक स्टील हायड्रोजन शोषतं आणि नंतर भाराखाली अचानक तडकतं. म्हणून प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत घालून सुमारे १९० अंश सेल्सियसला भाजावं लागतं, किती तास ते ड्रॉइंगवरच्या प्रमाणानुसार, ३ पासून २३ तासांपर्यंत. बाहेरचा प्लेटर संध्याकाळी प्लेटिंग करून भट्टी सकाळी लावतो, तिथे ही अट मोडते. बुश दिसायला उत्तम असतो आणि आतून संशयास्पद. प्लेटिंग संपल्याची वेळ आणि भट्टीत गेल्याची वेळ, दोन्ही वेळा असलेला भट्टीचा आलेख मागा. तो न देणाऱ्याकडे काम देऊ नका, मग तो किलोमागे कितीही स्वस्त असो.

तर चारशेचा बुश किती होतो? तुमचे आकडे तुम्हीच घाला, पण रकाने हे: पूर्ण बार, रासायनिक आणि ताण चाचणी, उष्णोपचाराची अख्खी बॅच (भट्टी ४८ नगांसाठीही तेवढीच तापते), कण-तपासणी, प्लेटिंग व भाजणं, एएस ९१०२ या विमान उद्योगाच्या नमुन्यातला पहिल्या नगाच्या तपासणीचा अहवाल, प्लग आणि रिंग गेज, एनएबीएल-मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतलं कॅलिब्रेशन, पॅकिंग, तपासणीसाच्या भेटी, आणि पैसे येईपर्यंतचं व्याज. यांतले बहुतेक खर्च नगांच्या संख्येवर अवलंबून नाहीत. चाळीसला जेवढे तेवढेच चारशेला. म्हणूनच या भागांचा दर वाहन उद्योगातल्या माणसाला लुटीसारखा वाटतो.

खरी लूटही होते, हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी २०११ च्या अहवालात दाखवलं की कॉर्पस ख्रिस्टीच्या लष्करी डेपोसाठी शिनुक हेलिकॉप्टरच्या दाराचा एक रोलर बोइंगकडून १,६७८.६१ डॉलरला घेतला गेला, तर संरक्षण खात्याच्याच भांडाराकडे त्याचा दर ७.७१ डॉलर होता. आपल्याकडे किंमत वाजवी आहे का हे ठरवताना समिती मागच्या खरेदीचा दर समोर ठेवते. तो दर जुना आणि मोठ्या संख्येचा असेल तर तुमचा योग्य दरही महाग दिसतो. त्यामुळे खर्चाची फोड तयार ठेवा. वाटाघाटीत 'परवडत नाही' यापेक्षा 'भट्टीची एक बॅच इतक्याची, ती ४८ नगांत वाटली' हे चालतं.

सील मी सोडायला सांगितले त्याचं कारण रबर बघून कळत नाही. तेच माप, तोच काळा रंग, तेच ७० शोअर काठिन्य, पण खनिज हायड्रॉलिक तेलात नायट्राइल रबर टिकतं आणि ईपीडीएम रबर फुगून खराब होतं. टर्बाइनच्या एस्टर तेलात जास्त तापमानाला नायट्राइलही भरवशाचं नाही, तिथे फ्लोरोकार्बन लागतं. बाजारातल्या व्यापाऱ्याच्या बिलावर यातलं काही नसतं. डेपोला हवा असतो संयुगाचा बॅच, फुगवट्याच्या आणि कायमस्वरूपी दबण्याच्या चाचण्या आणि क्युअर डेट (रबर पक्कं केल्याची तारीख), जी तिमाहीने लिहितात: २क्यू२५ म्हणजे २०२५ ची दुसरी तिमाही. पोहोचताना बहुतेक निविदांत ७५ ते ८० टक्के साठवण-आयुष्य शिल्लक हवं असतं. हे आयुष्य निविदेत दिलेलं धरायचं. नागरी मानकात नायट्राइलला १५ वर्षं आहेत, हा युक्तिवाद स्वीकृतीच्या टेबलावर चालत नाही. रबराचा कारखाना सोबत घेऊन वेगळी बोली लावता येईल, पण ती त्याच्या नावावर असावी.

रशियन बनावटीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरच्या निविदाही तुम्हाला दिसतील, संख्येने भरपूर. तिथे आयात केलेल्या भागासोबत मूळ 'पासपोर्ट' मागतात, ज्यात त्या नगाचा जन्म, आयुष्य आणि दुरुस्त्या नोंदवलेल्या असतात. रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर पुरवठा आणि बँकव्यवहार दोन्ही अवघड झाले आणि रंग देऊन नवा केलेला जुना माल बाजारात येण्याचा धोका वाढला. आयातीच्या त्या वाटेला उत्पादकाने जाऊ नये. स्वदेशीकरणासाठी मात्र तिथे जागा आहे. संरक्षण मंत्रालयाच्या सृजन पोर्टलवर आयात होणाऱ्या वस्तूंची यादी असते, पण रस नोंदवण्याआधी वार्षिक खप विचारा. वर्षाला सहा नग लागणाऱ्या भागावर विकासखर्च कधीच निघत नाही.

नव्याने शिरायचं असेल तर उडणाऱ्या भागांपेक्षा जमिनीवरच्या उपकरणांपासून सुरुवात करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. जॅक, ट्रॉली, ब्लेड बांधायच्या पट्ट्या, इनटेकची झाकणं, विशेष स्पॅनर, टेस्ट फिक्श्चर. उड्डाणयोग्यतेची मंजुरी बहुधा लागत नाही, संख्या बरी असते, आणि डेपोच्या स्वीकृती विभागाला तुमचे कागद कसे असतात ते कळतं. गोव्यात सत्तरीत हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि साफ्रानच्या संयुक्त कंपनीचं हेलिकॉप्टर इंजिन दुरुस्ती केंद्र आहे. अशा ठिकाणी टूलिंगचं काम निघू शकतं.

कागदी बाजू पटकन. उद्यम नोंदणीवर बयाणा रकमेतून सूट मिळते, पण ती उत्पादकाला; व्यापारी म्हणून नोंद असेल तर नाही. स्थानिक मूल्याचं प्रमाणपत्र जोडा, वर्ग-१ स्थानिक पुरवठादाराला किमान ५० टक्के स्थानिक मूल्य लागतं. आयात केलेल्या फ्रेंच बारची किंमत यात उणे होते, ते मोजून मगच सही करा. तांत्रिक अनुपालनाचा तक्ता कलमागणिक भरा. 'सर्व मान्य' असं एका ओळीत लिहिलेली बोली बाद झाली तर तक्रार करू नका.

विलंब दंड जुन्या पद्धतीत आठवड्याला अर्धा टक्का, कमाल १० टक्के असा असे. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संरक्षण खरेदी नियमावलीत कमाल मर्यादा साधारणतः ५ टक्के आहे, अतोनात उशीर झाला तरच १०, आणि स्वदेशी विकासाच्या टप्प्यात दंड नाही. तुमची निविदा कोणत्या नियमावलीखाली आहे ते पहिल्याच पानांत सापडेल. मुदत चुकणार असं दिसलं तर ती संपण्याआधी कारणासह वाढ मागा. संपल्यावर मागितलेली वाढ मिळाली तरी बहुतेकदा दंडासह मिळते.

माल पाठवताना प्रत्येक बुश व्हीसीआय (गंजरोधक) कागदात, स्वतंत्र पिशवीत, पिशवीवर पार्ट नंबर, बॅच, हीट, करार क्रमांक आणि पॅकिंगची तारीख. वीस बुश एका पिशवीत एकमेकांवर आपटत गेले तर कॅडमियम खरचटतं आणि पोहोचल्यावरच्या तपासणीत तेवढ्यावर नापास होतात. नापास माल तुमच्या खर्चाने उचलावा लागतो.

बिलासोबत तपासणी टिपण, डेपोची मालपोच पावती, अनुरूपता प्रमाणपत्र आणि कामगिरीची बँक हमी या चारांतलं एक जरी नसेल तरी लेखा कार्यालय फाइल परत पाठवतं. करार क्रमांक सगळ्यांवर तिरक्या रेषेपर्यंत एकसारखा लिहा. बँक हमीची मुदत वॉरंटी संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंतची हवी. बारा महिन्यांची वॉरंटी माल स्वीकारल्यापासून मोजली जात असेल, तर डिस्पॅचच्या तारखेवरून काढलेली हमी कमी पडते आणि बँकेत पुन्हा जावं लागतं.